आक्काची सही

मंडळी, आज माझं डोकं सणकलंय. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगते.

इथे इंग्लंडात दरवर्षी डिसेंबर संपता संपता पेपरवाले एक हिशेब मांडतात. राजघराण्यातल्या कुणी वर्षभरात किती कार्यक्रम केले, त्याचा. आज ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एकाने तो मोबाईलवरून मोठ्याने वाचून दाखवला. पहिल्या नंबरला टाळ्या, शेवटच्याला शिव्या. मग दुसरा म्हणाला, रिबिनी कापायच्या आणि चहा प्यायचा, याला कुठे काम म्हणतात का? सगळे हसले. मी डबा तसाच बंद केला.

आणि संध्याकाळी घरी येऊन बघते तर आपल्या इथल्या मराठी ग्रुपवर तोच तक्ता. खाली लिहिलंय, 'बसून खातात नुसते.' हे आपली माणसं लिहितायत. २००५ मध्ये, पुढे राजा झालेल्या चार्ल्सच्या लग्नाला मुंबईच्या दोन डबेवाल्यांना विंडसरला बोलावलं, तेव्हा ज्यांची छाती फुगली होती ती आपली माणसं. ज्यांच्या प्रत्येकाच्या घरात एक तरी आक्का आहे, ती.

आक्का म्हणजे माझी थोरली आत्या. वडिलांहून मोठी, काकांहूनही मोठी. सगळं घर आक्का म्हणतं म्हणून आम्ही पोरंही तेच म्हणतो. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात, तिला दिलेली फलटणकडे. कुणाचं बारसं असो, साखरपुडा असो, कुणाला दवाखान्यात ठेवलेलं असो, दिवस मावळायच्या आत फाट्यावर एसटी थांबायची आणि आक्का उतरायची. खांद्याला काळी रेक्झिनची पिशवी, तिची चेन तुटलेली, म्हणून मधोमध मोठी सेफ्टी पिन. पिशवीत स्टीलचा डबा आणि ब्लाऊजपीस. वडिलांची बायपास झाली तेव्हा अकरा रात्री ती पुण्यात दवाखान्याच्या बाकावर झोपली. काय काम केलं तिने तिथे? काहीच नाही. बसली होती.

आता हा तक्ता होतो कसा ते ऐका. राजवाड्यातून रोज 'कोर्ट सर्क्युलर' निघतं. आज कोण कुठे गेलं, कुणाला भेटलं, याची नोंद. तिसऱ्या जॉर्जने १८०३ मध्ये ते सुरू केलं, कारण पेपरवाले राजघराण्याबद्दल वाटेल ते छापत होते. या नोंदी मोजल्या की झाला तक्ता. राजवाड्यातच कुणाला पंधरा मिनिटं भेटलं तरी एक धरायचा, आणि पहाटे उठून स्कॉटलंडच्या पार टोकाला जाऊन रात्री परत आलं तरी एकच. प्रवास धरत नाहीत. आदल्या दिवशी वाचलेले कागद धरत नाहीत. समोरचा माणूस हयातीत एकदाच आपल्याला भेटणार आहे म्हणून दिवसभर चेहरा हसरा ठेवायचा, ते तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. एलिझाबेथ राणीचे यजमान फिलिप ९६ व्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा त्यांनी एकट्याने केलेले कार्यक्रम भरले २२,२१९. आकडा मोठा आहे, पण त्यातला एक दिवस कसा गेला हे आकड्यातून कळतं का? आक्काच्या अकरा रात्री मी अकरा लिहिल्या, तर तुम्हाला काय कळलं?

मला त्या घराण्यात ॲन दिसते, राणीची मुलगी, चार्ल्सची धाकटी बहीण. बाकीच्यांचं तुम्ही बघा.

ॲन १५ ऑगस्ट १९५० ची. आमच्या आक्काहून दोन वर्षांनी धाकटी. जन्मली तेव्हा गादीच्या वारसांत तिसरी, आई गादीवर आल्यावर दुसरी. मग १९६० मध्ये अँड्र्यू झाला, १९६४ मध्ये एडवर्ड, आणि दोघे धाकटे भाऊ तिच्या पुढे गेले. मुलगे म्हणून. कायदा बदलला २०१३ मध्ये, पण २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांपुरता. म्हणून चार्ल्सच्या थोरल्या मुलाची, विल्यमची शार्लट धाकट्या लुईच्या पुढे राहिली आणि ॲन होती तिथेच. पुढे पुतणे, त्यांची मुलं होत गेली तशी ती मागे मागे गेली. आपल्याला काही मिळणार नाही हे तिला दहाव्या वर्षापासून माहीत होतं. तरी बाई ४६ वर्षं 'सेव्ह द चिल्ड्रन'ची अध्यक्ष होती. १९८१ पासून लंडन विद्यापीठाची कुलपती आहे. २०२४ च्या जूनमध्ये घोड्यामुळे डोक्याला मार लागला, दवाखान्यात राहिली, काय झालं ते आठवतसुद्धा नव्हतं, आणि तीन आठवडे पुरे व्हायच्या आत दिव्यांगांच्या घोडेस्वारीच्या स्पर्धेला हजर. वय ७३. डोळ्याजवळ जखम दिसत होती.

आमच्या आक्काची सही मी पाहिलेली आहे. २००१ मध्ये आजोबा गेले. बारावं-तेरावं झालं आणि महिन्याभरात हक्कसोडपत्राचा कागद तयार. मी तेव्हा कॉलेजात होते, सोबत म्हणून गेले होते. आक्काने विचारलं, कुठं करू? लिहिणाऱ्याने बोट ठेवलं. तिने चष्मा चढवला आणि माहेरचं नाव, सासरचं नाव, एकेक अक्षर काढत सही केली. मग अंगठा लावला. अंगठ्याची शाई पदराच्या आतल्या बाजूला पुसली, बाहेरच्या नाही, डाग दिसेल म्हणून. आणि उठता उठता माझ्या वडिलांना म्हणाली, 'अण्णा, उपाशी आहेस तू, आधी काहीतरी खा.'

हे लिहिताना आत्ता घसा भरून आला. थांबले होते जरा.

पुढे २००५ मध्ये आपल्याकडे मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्याइतका हक्क मिळाला. पण २० डिसेंबर २००४ च्या आधीच्या वाटण्यांना तो कायदा हात लावत नाही. आक्काची शाई तोवर केव्हाच वाळली होती. तिकडे ॲनचा कायदा, इकडे आक्काचा. दोन्ही आले, आणि दोघींना ओलांडून पुढे गेले. आणि त्यानंतरही आक्का एसटीने येतच राहिली.

आता कुणीतरी म्हणणार, राजवाड्यात राहणाऱ्या बाईची तुलना तू एसटीतल्या बाईशी करतेस? हो, करते. पैसा वेगळा आहे, मान्य. सरकारकडून त्यांना वर्षाला ८ कोटी ६३ लाख पौंड मिळायचे, ते २०२५-२६ साठी राजवाड्याच्या दुरुस्तीमुळे १३ कोटी २१ लाख झाले. माझ्याही करातून जातात, आणि मलाही झोंबतात. त्यांच्या पूर्वजांच्या राज्यात आपलं काय झालं ते मला कुणी शिकवायला नको. पण बाकावर बसून राहायला जे लागतं, ते पैशाने येत नाही.

२०२२ चा सप्टेंबर आठवा. एलिझाबेथ राणी ८ तारखेला स्कॉटलंडातल्या बालमोरलच्या वाड्यात वारली. शेवटचे २४ तास ॲन आईजवळ होती, हे तिनेच नंतर सांगितलं. मृत्यूच्या नोंदीत वेळ दुपारी ३ वाजून १० मिनिटं, कारण म्हातारपण, आणि माहिती देणारी म्हणून सही ॲनची. राजाची नाही. जिला काही मिळणार नव्हतं, तिची.

आमची आजी गेली तेव्हा ग्रामपंचायतीत नोंद कुणी केली असेल? शेवटचा पाण्याचा घोट जिने पाजला तिनेच. वडील आणि काका मांडवात माणसांना भेटत होते. 'माहिती देणाऱ्याचे नाव' या रकान्यात आजही आक्काचं नाव आहे, त्याच एकेक अक्षर काढलेल्या सहीने. जमिनीच्या कागदावरून नाव काढायला सही तिची, आईचं नाव मिटवायलाही सही तिचीच.

मग ११ सप्टेंबरला बालमोरलहून एडिंबराला शवपेटी निघाली. सहा तासांचा रस्ता, आणि मागच्या गाडीत ॲन. मी पोळ्या लाटता लाटता टीव्ही बघत होते. होलीरूडच्या राजवाड्यात पेटी आत नेताना काळ्या कपड्यांतली ती बाई एका बाजूला उभी होती. पेटी समोरून गेली तशी तिने एक पाय मागे घेतला, गुडघे वाकवले, मान खाली घातली. क्षणभरच. माझी तव्यावरची पोळी करपली. सहा तास गाडीत बसून उतरलेली, ७२ वर्षांची मुलगी आईला वाकून नमस्कार करत होती. हे तुमच्या तक्त्यात एक म्हणून धरलं असेल, नाहीतर धरलंच नसेल.

आणि या मोजदादीचं विष कुठवर जातं ते २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. विल्यमच्या बायकोचं, केटचं जानेवारीत पोटाचं ऑपरेशन झालं. ईस्टरपर्यंत बाहेर येणार नाही, असं राजवाड्याने आधीच सांगितलं होतं. तरी जगभर विचारत सुटले, कुठे आहे, काम का करत नाही. मातृदिनाला फोटो टाकला तर त्या फोटोतल्या बाह्या आणि बोटं तपासत बसले. शेवटी २२ मार्चला एकटी बाकावर बसून तिला सांगावं लागलं, मला कॅन्सर झालाय. तीन लहान मुलांची आई. लाज वाटली का कुणाला? आपल्या ग्रुपवर त्या आठवड्यात काय काय चाललं होतं ते मी वाचलेलं आहे. नावं घेत नाही.

आमच्याकडे काकांच्या मधल्या मुलीच्या लग्नाला आक्का आली नाही. तेवढं एकच लग्न चुकलं. मांडवात कुजबुज सुरू झाली, आक्काला राग आला वाटतं, जमिनीचं मनात धरलं वाटतं. तिचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं होतं आठ दिवसांपूर्वी. कुणाला सांगायचं नाही, शुभकार्यात विघ्न नको, असं तिनेच आतेभावाला बजावलं होतं. ज्यांच्यासाठी आयुष्यभर आली, त्यांनी एका गैरहजेरीत तिची निष्ठा काढली. मीसुद्धा तेव्हा काही बोलले नाही. त्या मांडवात मी गप्प जेवले.

विल्यमच्या धाकट्या भावाबद्दल, हॅरीबद्दल विचाराल म्हणून सांगते. नको वाटलं, सोडून गेला. ठीक आहे, त्याचं आयुष्य आहे. त्याच्या आईचं, डायनाचं काय झालं ते जगाने पाहिलंय, आणि बायकोला पेपरवाल्यांनी कसं वागवलं तेही. जाणाऱ्याला मी नाव ठेवणार नाही. पण जाऊन घरच्यांच्या गोष्टी बाजारात मांडल्या, भावाशी झालेली हाणामारी पुस्तकात छापली, ते मला पटलं नाही, पटणार नाही. आणि घराण्याशी निष्ठा म्हणजे पांघरूण घालणं असं मी म्हणतेय, असं कुणी समजू नका. एपस्टीन प्रकरणावरून अँड्र्यूच्या पदव्या २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सख्ख्या भावाने काढून घेतल्या. बरं केलं. फार उशीर केला खरं तर.

राग थोडा उतरलाय आता. त्या ऑफिसातल्या मुलाचं तरी काय चुकलं, २६ वर्षांचा आहे. त्याच्यासाठी अजून कुणी बाकावर झोपलेलं नाही, नाहीतर झोपलेलं त्याला कळलेलं नाही. पण ग्रुपवरच्यांनो, तुम्ही पन्नाशीचे आहात. तुमच्या हळदीला घाणा भरायला कोण बसलं होतं, तुमच्या आईची लुगडी शेवटच्या आजारात कुणी धुतली, ते आठवा आणि मग त्या तक्त्याखाली हसा.

दुपारी डबा बंद करून मी गाडीत जाऊन बसले आणि आक्काला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे सहा झाले होते. पहिला प्रश्न, जेवलीस का. खोटं बोलले, हो म्हटलं. ती घाईत होती. उद्या सकाळी सातच्या गाडीने निघायचंय म्हणाली. काकूच्या माहेरचं कुणीतरी गेलंय, त्यांचं बारावं. मी म्हटलं, आक्का, ७७ वय झालं, इतक्या लांबच्या माणसाकडे कशाला, बोलावलंय का तरी तुला कुणी?

'बाराव्याला बोलावत्यात व्हय गं? आन् पंच्याहत्तरी झाल्यापासनं एसटी फुकट हाय मला. बसून काय करू?'

मग म्हणाली, ठेवते आता, पिशवीची पिन कुठं सापडंना, अंधार पडायच्या आत हुडकायला पाहिजे.