‘मी एक्टोमॉर्फ, माझ्या अंगाला लागत नाही’: तीन देहप्रकारांच्या तक्त्याला उत्तर

शरीराच्या तीन प्रकारांचा एक तक्ता गेली अनेक वर्षं हातोहात फिरतो आहे. तीन आकृत्या, खाली तीन नावं. एक्टोमॉर्फ म्हणजे किडकिडीत, मेसोमॉर्फ म्हणजे पीळदार, एन्डोमॉर्फ म्हणजे गुबगुबीत. सोबतचा मजकूर थोडक्यात असा: तुमचा प्रकार जन्मानेच ठरतो. एक्टोमॉर्फचं चयापचय इतकं जलद असतं की खाल्लेलं अंगाला लागत नाही. प्रत्येक प्रकाराला वेगळा आहार हवा. प्रथिनं व्यायामानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यावीत, आणि एका वेळी ३० ग्रॅमच, कारण त्यापुढची वाया जातात. एन्डोमॉर्फने आधी चरबी उतरवावी, स्नायूंचं नंतर बघावं. आणि मेसोमॉर्फला जे तीन महिन्यांत मिळतं त्यासाठी एक्टोमॉर्फने वर्षभर थांबावं.

मी नवख्यांना वजनाचा व्यायाम शिकवतो. हा तक्ता वाचून आलेली मुलं पहिल्याच दिवशी सांगून टाकतात, “सर, मी एक्टो आहे, माझं फार काही होणार नाही.” विशीतल्या मुलाने एक सेटही न मारता हात टेकावेत, याचा मला मनापासून राग येतो. म्हणून एकेक दावा तपासतो.

‘प्रकार जन्मानेच ठरतो.’

ही वर्गवारी विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४० साली मांडली. त्यासाठी त्यांनी सुमारे ४,००० महाविद्यालयीन तरुणांचे विवस्त्र फोटो तपासले होते. स्नायू किती वेगाने वाढतात, कोणी काय खावं, हा त्यांचा विषयच नव्हता. शरीराच्या ठेवणीवरून माणसाचा स्वभाव सांगता येतो, हे त्यांना दाखवायचं होतं, आणि १९४२ मध्ये त्यावर त्यांनी वेगळं पुस्तकही लिहिलं. स्वभावाचा तो सिद्धांत पुढे टिकला नाही. आहाराचे तक्ते त्याला नंतर कोणीतरी चिकटवले.

खुद्द शेल्डन यांनीही कुणाला एका कप्प्यात कोंबलं नव्हतं. प्रत्येकाला ते तीन आकडे देत, १ ते ७ पैकी, म्हणजे गोलाई इतकी, पीळदारपणा इतका, सडपातळपणा इतका. १९६७ साली हीथ आणि कार्टर या संशोधकांनी पद्धत सुधारली. त्वचेखालच्या चरबीची जाडी, हाडांची रुंदी, दंड-पोटरीचा घेर मोजून आकडे काढायला सुरुवात झाली, आणि हे आकडे वयाने, आहाराने, व्यायामाने बदलतात हे त्यांनी मान्य केलं. क्रीडाशास्त्रात आजही ही मोजणी वापरतात, ती खेळाडूचं आजचं शरीर कसं आहे हे नोंदवायला. उद्याचं भाकीत करायला नव्हे.

इथेच तक्त्याची मुख्य गफलत आहे. त्यातल्या मेसोमॉर्फच्या चित्रात रुंद खांदे आणि भरलेले दंड आहेत, म्हणजे ज्याच्या अंगावर स्नायू आधीच आहेत त्याला एक नाव दिलंय आणि मग त्या नावालाच स्नायूंचं कारण ठरवलंय. पाच वर्षं नेटाने वजन उचललेल्या सडपातळ माणसाची मोजमापं घेतली, तर त्याचाही पीळदारपणाचा आकडा वर गेलेला दिसेल.

मग अंगकाठीला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. हाडापेराने थोराड माणसाच्या सांगाड्यावर एकूण स्नायू जास्त मावतात. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात (१९९४) सडपातळ आणि भक्कम बांध्याच्या पुरुषांनी १२ आठवडे वजनाचा व्यायाम केला, तेव्हा चरबीविरहित वजन भक्कम गटाचं स्पष्ट वाढलं, सडपातळ गटाचं फारच थोडं. पण ही गटाची सरासरी आहे, आणि सरासरीवरून समोरच्या एका माणसाचं सांगता येत नाही. किती सांगता येत नाही, ते २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसतं. ५८५ स्त्री-पुरुषांनी १२ आठवडे फक्त एकाच हाताचा व्यायाम केला. सगळ्यांचा कार्यक्रम सारखाच. शेवटी मोजलं तेव्हा कुणाचा दंडाचा स्नायू ५९ टक्क्यांनी वाढला होता, तर कुणाचा २ टक्क्यांनी घटला होता. ताकदीत कुणाला शून्य फरक, तर कुणाला २५० टक्के वाढ. माणसामाणसांत असा जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि तो तीन कप्प्यांत बसत नाही.

हा फरक येतो कुठून? एक कारण बऱ्यापैकी उलगडलं आहे. स्नायूतंतूंना चिकटून सॅटेलाइट पेशी असतात. तंतू जाड व्हायला लागला की त्या आपलं केंद्रक त्याला देतात आणि पुढची वाढ शक्य होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६६ जणांनी १६ आठवडे व्यायाम केला. ज्यांचे तंतू सगळ्यात जास्त वाढले, त्यांच्याकडे या पेशींचा साठा सुरुवातीलाच जास्त होता आणि व्यायामाने तो आणखी वाढला. हा साठा आरशात दिसत नाही आणि बांधा ओळखायला मनगटाला अंगठा-बोटाचा वेढा घालून बघतात, त्यानेही कळत नाही. तो वेढा बसतो की नाही हे निम्मं बोटांच्या लांबीवर ठरतं.

‘चयापचय जलद, म्हणून अंगाला लागत नाही.’

या दाव्यात एक खरी गोष्ट दडली आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

आधी चूक काय ते. नुसतं पडून राहिलं तरी शरीर जी ऊर्जा खर्च करतं, ती साधारणपणे मोठ्या शरीरात जास्त आणि लहान शरीरात कमी असते. ५० किलोच्या मुलाचा विश्रांतीतला खर्च ९० किलोच्या मुलापेक्षा कमी असतो. स्नायू म्हणजे भट्टी, हेही फुगवून सांगितलं जातं. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला साधारण १३ किलोकॅलरी खर्च करतो, बस.

आता खरं काय ते. १९९९ साली अमेरिकेत १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १,००० किलोकॅलरी जास्त खायला घातलं. चरबी कुणाची अर्धा किलोही वाढली नाही, तर कुणाची चार किलोंवर गेली. संशोधकांनी शोधलं तेव्हा लक्षात आलं की ज्यांची कमी वाढली त्यांची हालचाल नकळत वाढली होती. उठबस, चुळबुळ, येरझाऱ्या, बसल्या जागी पाय हलवणं. एकाचा असा खर्च दिवसाला जवळपास ७०० किलोकॅलरींनी वाढला. १९९० साली प्रसिद्ध झालेला एकसारख्या जुळ्या भावांवरचा प्रयोगही हेच सांगतो. १२ जोड्यांना १०० दिवसांपैकी ८४ दिवस रोज १,००० किलोकॅलरी जादा दिल्या. वजन कुणाचं ४ किलोंनी, तर कुणाचं १३ किलोंनी वाढलं, पण एका जोडीतल्या दोघांची वाढ एकमेकांच्या बरीच जवळची होती. म्हणजे रक्तात काहीतरी आहे, नक्की आहे.

पण या आकड्यांकडे पुन्हा बघा. जुळ्यांच्या प्रयोगात वजन प्रत्येकाचं वाढलं. सगळ्यात कमी वाढ झालेल्याचंही चार किलो वाढलं. चुळबुळ्या माणसाला लागतं जास्त, इतकाच याचा अर्थ. लागतच नाही, असं नव्हे.

शिवाय ‘मी भरपूर खातो’ म्हणणारा खरंच किती खातो, हे लिहून काढल्याशिवाय कळत नाही. मी मुलांना वही ठेवायला सांगतो. एकाची वही मला अजून आठवते. रविवारचं पान खचाखच भरलेलं, दोन्ही वेळा दोनदा वाढून घेतलेलं. सोमवारी सकाळची ओळ कोरी, उठायला उशीर. मंगळवारी दुपारचं जेवण चार वाजता, आणि मग रात्री भूक नाही म्हणून अर्धं. गुरुवारी परत सकाळ कोरी. त्याच्या डोक्यात फक्त रविवार राहिला होता. तो खोटं बोलत नव्हता. पोट तडस लागेपर्यंत भरल्याची आठवण पक्की बसते, हुकलेली न्याहारी कुणाला आठवत नाही. आठवड्याची बेरीज केल्यावर रोजची सरासरी त्याचं त्यालाच पटेना. सकाळी दूध, केळं आणि मूठभर शेंगदाणे ठरवून घ्यायला लागला, तेव्हा काटा हलला. ज्यांची भूक कमी आहे त्यांनी ताट वाढवण्यापेक्षा पिण्यातून आणि सुक्यामेव्यातून ऊर्जा घेणं सोपं जातं.

‘प्रत्येक प्रकाराचा आहार वेगळा.’

कर्बोदकं इतके टक्के, स्निग्ध इतके टक्के, अशा प्रकारनिहाय वाटणीमागे भक्कम पुरावा नाही. स्नायूंच्या वाढीला मुळात दोनच गोष्टींचा हिशोब लागतो: एकूण ऊर्जा आणि एकूण प्रथिनं. २०१२ सालच्या एका प्रयोगात २५ जणांचे तीन गट करून आठ आठवडे सारखीच जादा ऊर्जा दिली, फक्त प्रथिनांचा वाटा बदलला. चरबी तिन्ही गटांत सारखीच वाढली. पण ज्यांना फक्त ५ टक्के ऊर्जा प्रथिनांतून मिळत होती, त्यांचं चरबीविरहित वजन ०.७ किलोने घटलं, तर पुरेशी प्रथिनं घेणाऱ्या दोन्ही गटांचं सुमारे तीन किलोंनी वाढलं. व्यायाम कुणीच करत नव्हतं. किडकिडीत आहे म्हणून नुसता भात-साखर-तूप वाढवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पुरेशी म्हणजे किती? ४९ प्रयोगांचा एकत्रित हिशोब २०१८ साली मांडला गेला. शरीराच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिनं वाढवल्याचा फायदा दिसतो, पुढे तो सपाट होतो. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९६ ग्रॅम. याच हिशोबातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: चरबीविरहित वजनात निव्वळ व्यायामामुळे सरासरी १.१ किलोच्या आसपास भर पडली, आणि जादा प्रथिनांनी त्यात आणखी ०.३ किलो घातलं. मोठा वाटा व्यायामाचा आहे. प्रथिनांच्या पावडरचा डबा घेण्याआधी स्क्वॉटचं, म्हणजे भार घेऊन मारलेल्या बैठकांचं, वजन महिनाभरात वाढलं का, हे बघावं.

ऊर्जाही बेसुमार वाढवून उपयोग नाही. गरजेपेक्षा रोज दोनशे-तीनशे किलोकॅलरी जास्त पुरतात. त्याहून खूप जास्त खाल्लं की स्नायू त्या प्रमाणात वाढत नाहीत, चरबी मात्र वाढते.

‘अर्धा तास आणि ३० ग्रॅम.’

दोन्ही चूक. व्यायामानंतर स्नायूंची बांधणी किमान चोवीस तास वाढलेली राहते. २०१३ च्या एका एकत्रित विश्लेषणात, दिवसभराची एकूण प्रथिनं सारखी धरली तेव्हा वेळेचा फरक दिसेनासा झाला. २०२३ साली तर एका वेळी १०० ग्रॅम प्रथिनं देऊन बघितलं. ती वाया गेली नाहीत. पचायला वेळ लागला आणि स्नायूंची बांधणी बारा तासांहून जास्त चालू राहिली. दोन-तीन वेळा नीट जेवणाऱ्याने घड्याळ लावून सहा वेळा खायची सक्ती स्वतःवर करू नये.

‘एन्डोमॉर्फने आधी चरबी उतरवावी.’

या सल्ल्याने नुकसान होतं. वजन जास्त असलेली माणसं महिनोन् महिने नुसती ट्रेडमिलवर चालतात, उपाशी राहतात, आणि चरबीबरोबर होता तो स्नायूही घालवून बसतात. चरबीचा स्नायू होत नाही, त्या वेगळ्या पेशी आहेत. पण साठलेल्या चरबीतली ऊर्जा कामी येते, म्हणून नवख्याला दोन्ही एकदम साधतं. कॅनडातल्या २०१६ च्या प्रयोगात वजन जास्त असलेल्या ४० तरुणांनी चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी ऊर्जा घेतली आणि कसून व्यायाम केला. किलोमागे २.४ ग्रॅम प्रथिनं घेणाऱ्या गटाची चरबी सरासरी ४.८ किलोंनी घटली, आणि चरबीविरहित वजन उलट १.२ किलोंनी वाढलं. एवढी टोकाची कपात घरी कुणी करू नये. वजन उचलायला मात्र पहिल्या दिवसापासून लागावं.

‘तीन महिने विरुद्ध वर्ष.’

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काटा झरझर चढतो तेव्हा त्यात पाणी बरंच असतं. स्नायूत साठणारा प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजन, म्हणजे साठवलेली साखर, साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. प्रशिक्षकांचा ढोबळ अंदाज असा की नवख्या पुरुषाला सुरुवातीच्या काळात महिन्याला अर्धा ते एक किलो स्नायू हे चांगलं यश, स्त्रीला त्याच्या निम्मं. टक्केवारीत पाहिलं तर स्त्रियांची वाढ पुरुषांच्या जवळपास बरोबरीने होते. पुढे प्रत्येकाचाच वेग मंदावतो.

तुमचा वेग किती, हे तुमचीच मोजमापं सांगतील. आठवड्यातून तीन-चार वेळा सकाळी वजन आणि त्याची सरासरी. महिन्यातून एकदा दंड, छाती, मांडी आणि कंबर, टेप त्याच जागी. उचललेल्या वजनांची नोंद. तीन आठवडे सरासरी हलली नाही तर रोज दोनशे किलोकॅलरी वाढवा. कंबरच तेवढी वाढत असेल तर कमी करा. वजन वाढतंय पण उचललेला भार महिनाभर तसाच आहे, तर चूक व्यायामात शोधा.

दोन प्रसंगी मात्र ही वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी विचारावं. आणि पोटभर खाऊनही वजन आपोआप उतरत असेल, तहान किंवा छातीची धडधड वाढली असेल, तर थायरॉइड आणि रक्तातली साखर तपासून घ्यावी. ‘मी एक्टो आहे’ म्हणून ती लक्षणं अंगावर काढणारी मुलं मी पाहिली आहेत.