पोर्ट २२ उघडा ठेवा, असं मी का सांगत नाही

घरच्या कॉम्प्युटरवर बाहेरून कसं पोचायचं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की राउटरवर पोर्ट २२ (एसएसएचचं, म्हणजे दुरून कॉम्प्युटरवर लॉगिन करण्याच्या पद्धतीचं, नेहमीचं दार) घरच्या कॉम्प्युटरकडे वळवला आणि पासवर्ड भक्कम ठेवला की पाच मिनिटांत काम भागतं. टेलस्केल (आपली मशीन्स खासगी नेटवर्कने जोडणारी एका कंपनीची सेवा) आणि एसएसएच की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) यांचा घोळ घालून मी नवशिक्यांना घाबरवलं, वर परक्या कंपनीवर विसंबायला लावलं.

पोर्टचं मी स्वतः करून पाहिलंय. सांगलीच्या घरी रात्री पोर्ट उघडला आणि सकाळी चहा घेता घेता लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेली नोंद, बघितला. 'फेल्ड पासवर्ड फॉर रूट' (रूट या मुख्य खात्यासाठी चुकीचा पासवर्ड), ओळीखाली ओळ. मग अ‍ॅडमिन, उबंटू, टेस्ट. माझ्याशी कुणाचं वैर नव्हतं. हे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, इंटरनेटवरचं प्रत्येक दार वाजवत फिरतात. माझा पासवर्ड टिकला असता, मान्य. पण त्याच मशीनवर धाकट्या भावाने कधीतरी 'टेस्ट' नावाचं खातं काढलं होतं आणि त्याचा पासवर्डही 'टेस्ट'च होता. ते आठवलं तेव्हा अंगावर काटा आला. टाटू यलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं, कारण पासवर्ड वाटेतच चोरले जात होते. वाट सुरक्षित झाली. दारात उभं राहून अंदाज बांधणाऱ्याला मात्र असा पासवर्ड अडवत नाही.

शिवाय तुमच्याकडे चाललं ते सगळीकडे चालत नाही. राउटरच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पत्त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल, तर इंटरनेटवरचा खरा पत्ता तुमच्या इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. मग पोर्ट कितीही वळवा, बाहेरून कुणी आत पोचत नाही. माझे बरेच वाचक याच अडचणीत आहेत.

परक्या कंपनीबद्दलचा तुमचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर आहे, आणि तो लेखात यायलाच हवा होता. त्यावर उपाय आहे: एक छोटा सर्व्हर भाड्याने घ्यायचा, त्यावर वायरगार्ड (दोन मशीन्समध्ये सुरक्षित खासगी वाट बांधणारं सॉफ्टवेअर) चालवायचं आणि घरच्या मशीनने स्वतःहून त्याला जोडून घ्यायचं. घरच्या बाजूला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' (जोडणी जागी ठेवायला ठरावीक वेळाने छोटा संदेश पाठवणारी सेटिंग) २५ सेकंद ठेवा, म्हणजे राउटर वाट बंद करत नाही. हा भाग लेखात जोडतोय.

तुम्हाला पोर्ट उघडाच ठेवायचा असेल, तर निदान एसएसएचच्या सेटिंगमधलं 'पासवर्ड ऑथेंटिकेशन' (पासवर्डने आत येणं) बंद करून फक्त की चालू ठेवा. बदल करताना एक टर्मिनल जोडलेलं राहू द्या. दुसऱ्यातून कीने आत जाता आलं, की मगच पहिलं बंद करा.