ट्रान्सक्रिप्टवरून अ‍ॅनिमेशन: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. इंदूरच्या राजवाड्यावरच्या व्हिडिओचं अख्खं ट्रान्सक्रिप्ट (बोलण्याचा लेखी उतारा) अ‍ॅनिमेशनसाठी एआयला दिलं, तर दर वाक्याला वेगळ्याच धाटणीचं चित्र आलं, शेवटी शेवटी आवाज पुढे आणि चित्रं मागे राहिली, म्हणून हा सगळा खटाटोप फुकट, असं आपण लिहिलंत. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

एआयला चित्र काढायला सांगूच नये. ते दर वेळी नवा कोड लिहितं, म्हणून रंग, आकार, मांडणी सगळं बदलत राहतं. मॅनिम किंवा रिमोशनमध्ये (कोड लिहून अ‍ॅनिमेशन करायची साधनं) सहा-सात दृश्यं आधी स्वतः बांधून ठेवा: नकाशा, कालरेषा, इमारतीचे मजले, तुलना, नुसता मजकूर वगैरे. एआयने फक्त कोणतं दृश्य, त्यात काय भरायचं आणि कोणत्या शब्दावर सुरू करायचं एवढंच जेसनमध्ये, म्हणजे कोडला वाचता येईल अशा ठरावीक साच्यात, सांगायचं. यादीबाहेरचं नाव आलं की ते उत्तर सरळ नाकारायचं.

आता आपलंच वाक्य घ्या: ‘खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी.’ एसआरटी फाइलमध्ये, म्हणजे सबटायटलच्या फाइलमध्ये, अख्ख्या ओळीचीच सुरुवात-शेवट असते, त्यामुळे सातही मजले एकदम उभे राहतात. व्हिस्परमध्ये (बोलणं मजकुरात उतरवणारं एआय) शब्दागणिक वेळ देणारा पर्याय चालू करा. ‘तीन’ १२.४ सेकंदांवर असेल तर सेकंदाला ३० फ्रेमच्या (चौकटींच्या) हिशेबाने ती ३७२ वी फ्रेम. हा गुणाकार कोडकडून करून घ्या, एआयकडून नको. ते आकडे बिनधास्त चुकवतं.

चित्रं मागे पडण्याचं कारण बहुधा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम. हिशेब ३० चा आणि व्हिडिओ २९.९७ चा असला, तर दहा मिनिटांत १८ फ्रेम, म्हणजे ०.६ सेकंद चित्र उशिरा येतं. फरक सुरुवातीपासून तेवढाच असेल तर दोष दुसरीकडे, वाढत जात असेल तर हाच. मोबाइलवरच्या चित्रीकरणात फ्रेमरेट मुळातच हलता असतो. आधी एफएफएमपेगने (व्हिडिओ-आवाज रूपांतराचं साधन) तो स्थिर करा, मग त्याच फाइलमधून व्हिस्परसाठी १६ किलोहर्ट्झ, मोनो आवाज काढा. शांत जागा हाताने कापू नका, पुढच्या सगळ्या वेळा सरकतात. पण तिथे व्हिस्पर मनाची वाक्यं घालतं, तेव्हा बोलणं ओळखणारा फिल्टर हवाच.

भाषा ‘मराठी’ अशी ठरवूनच द्या. व्हिस्पर पहिल्या ३० सेकंदांवरून भाषा ओळखतं, आणि आपल्याकडे सुरुवातीचा नमस्कार-चमत्कार हिंदीतच होतो. मग पुढचं मराठीही हिंदी वळणाने उतरतं. होळकर, मल्हारराव, अहिल्याबाई ही नावं व्हिस्परला द्यायच्या सुरुवातीच्या सूचनेत (प्रॉम्प्टमध्ये) घाला. तिथे जागा फार थोडी, म्हणून फक्त नावंच.

पडद्यावरची अक्षरं एकेक करून उमटवू नका, जोडाक्षरं मधेच तुटतात. शब्द-शब्दाने आणा.

एका बाबतीत आपण अगदी बरोबर आहात. ‘हे बघा, इथून वर’ असं बोलणारा बोटाने दाखवतो तेव्हा ट्रान्सक्रिप्टमध्ये काहीच नसतं, आणि एआय ती जागा कल्पनेने भरतं. तिथे माणसानेच कंसात लिहायला हवं: ‘चौथ्या मजल्यापासून लाकूडकाम’. राजवाड्याचं चित्रही आपल्याच फोटोवरून आखून घ्या, नाहीतर कुठल्या तरी भलत्याच महालाचे झरोके येतील.

मूळ फाइलचा फ्रेमरेट तेवढा कळवा, म्हणजे मागे पडण्याचं नक्की कारण सांगता येईल.