२२ क्रेडिट आणि सव्वातीनची गाडी

बारावीचा निकाल लागला आणि मी घरात जाहीर केलं की मी मास कम्युनिकेशनला जाणार. आजी तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "म्हणजे काय?" मी म्हटलं, "संवादाचं शिक्षण." तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं. "गो, तू दोन वर्सार बोलाक लागलंस, ता अजून गप रवलंस नाय. आता पैशे भरून आणि काय बोलाक शिकतलंस?"

या विषयाला मराठीत 'संज्ञापन' म्हणतात, हे मला प्रवेश घेतल्यावर कळलं. लोकांपर्यंत पोचायचं कसं हे शिकवणाऱ्या विद्येचं नावच लोकांपर्यंत पोचलेलं नाही.

बाबांची मात्र छाती फुगली. आमच्या देवगड तालुक्यातलं पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. त्यांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं, मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी छापून. बाबांच्या मते एवढा वारसा पुरेसा होता. बाळशास्त्रींना ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय, निवडावा लागला नव्हता, हे त्यांनी लक्षात घेतलं नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आमच्या पहिल्या सत्राला २२ क्रेडिट असतात, म्हणजे विषयाच्या तासांवर मोजलेले श्रेयांक. मेजर म्हणजे मुख्य विषय, ओपन इलेक्टिव्ह, व्होकेशनल स्किल, स्किल एन्हान्समेंट, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, को-करिक्युलर. बहुतेक सगळं दोन-दोन क्रेडिटचं, एक मेजरचा पेपर तेवढा चारचा. ही सगळी क्रेडिटं एका ऑनलाइन बँकेत जमा होतात, तिचं खातं आधारवर काढायचं. आजीला क्रेडिट म्हणजे उधारी एवढंच माहीत. "बावीस उधारी! आणि वर बँकेत! मगे त्या बँकेत व्याज किती गावता?" व्याज नाही, पण क्रेडिटं सात वर्षं टिकतात, असं मी सांगितलं. "आपला लोणचा वर्स टिकात नाय," एवढं बोलून ती पुन्हा तांदळाकडे वळली.

बाबांनी मात्र प्रकरण आंब्याच्या हिशेबासारखं हातात घेतलं. कालनिर्णयच्या पाठीमागे रकाने आखले. एका बाजूला विषय, दुसऱ्या बाजूला एसटी. कॉलेज गावापासून दीड तासावर. सकाळी सहाची गाडी, परतीची सव्वातीनची. ती चुकली की थेट साडेसहाची वस्तीची, आणि पावसात वाटेत झाड पडलं असेल तर तीही देवाच्या भरवशावर. बाबांनी पेन्सिलीने रेघ मारली: सव्वातीनच्या आत जे बसतं, ते शिक्षण.

इथे माझी स्वप्नं एकेक करून गळायला लागली. फोटोग्राफीचं प्रात्यक्षिक तीन ते पाच. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला तीस तास लागतात, थिअरीच्या दुप्पट. म्हणजे दोन क्रेडिटांसाठी मी साठ तास कॅमेरा धरणार आणि त्यातली निम्मी संध्याकाळ स्टँडवर भिजत उभी राहणार. खोडलं. रेडिओ-निर्मिती साडेतीनला. खोडलं. उरला 'डिजिटल लेखन', दुपारी दीड वाजता. मला त्यात रस होता असं नाही, पण तो विषय मला सव्वातीनच्या गाडीत बसवत होता.

ओपन इलेक्टिव्हची तऱ्हा निराळी. ते आपल्या विद्याशाखेतून घ्यायचं नाही, दुसरीकडून घ्यायचं. कागदावर यादी चांगली लांब होती. पण कॉलेज लहान. एका विषयाचे शिक्षक यायचे होते, दुसऱ्याला पुरेशी मुलं नव्हती आणि तिसऱ्याच्या जागा सकाळी सात वाजताच भरल्या होत्या. सात वाजता आमच्याकडे लाइट नव्हती, आणि रेंज फक्त सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर. मी छत्री धरून सड्यावर पोचेपर्यंत औषधी वनस्पती संपल्या.

शेजारच्या वाडीतला एक दादा त्याच कॉलेजात आहे. माझा फोन लागेना म्हणून त्याने कंडक्टरकडे निरोप दिला: तिला सांगा, ओपन इलेक्टिव्हचं उद्या संध्याकाळपर्यंत कळव. कंडक्टरने तिठ्यावरच्या टपरीवाल्याला सांगितलं, टपरीवाल्याने आमच्या शेजारच्या काकूंना. संध्याकाळी काकू पदराखाली मिक्सर घेऊन हजर.

"गो, तू इलेक्ट्रिकच्या लायनीक गेलंस म्हणान आयकलंय. ह्यो फिरता, पण वाटना नाय. जरा बघ."

मेजरचं पुस्तक मी तेव्हा नुकतंच उघडलं होतं. लासवेल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९४८ साली संवाद समजून घ्यायला पाच प्रश्न दिले: कोण, काय म्हणतो, कुठल्या मार्गाने, कुणाला, आणि परिणाम काय. मी मनात उत्तरं लिहिली. दादा, ओपन इलेक्टिव्ह, एसटी, मी, मिक्सर. त्याच वर्षी शॅनन नावाच्या गणितज्ञाने निरोपात मध्येच शिरणाऱ्या गोंधळाला 'नॉइज' म्हटलं. आमच्या टपरीवर भज्यांच्या कढईचा आवाज किती असतो, हे त्याला अमेरिकेत बसून कसं कळलं कोण जाणे.

काकूंना मी समजावून सांगितलं की माझी लाइन इलेक्ट्रिकची नाही, संवादाची आहे. "मगे पयल्याच दिवसाक असो संवाद?" म्हणत त्यांनी मिक्सर ओट्यावर ठेवला आणि चहा पिऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच कॉलेजात गेले. कार्यालयातल्या मॅडमनी यादीवर बोट फिरवत शिल्लक राहिलेलं एकमेव ओपन इलेक्टिव्ह वाचून दाखवलं. विज्ञान शाखेचं, दोन क्रेडिट, तास सव्वाबारा ते सव्वा. गाडीला दोन तास मोकळे! मी नाव न ऐकताच सही केली. मग पावती वाचली: 'घरगुती विद्युत उपकरणांची देखभाल'.

मिक्सर अजून आमच्याच ओट्यावर आहे. काकू रोज विचारतात, तो धडा कधी येणार.