‘खायला घालणं थांबवा, प्रेमही थांबेल’ म्हणणाऱ्यांसाठी

सध्या एक संदेश सगळीकडे फिरतो आहे. मला तो चार जणांकडून आला. त्याचा सारांश असा: कुत्र्यामुळे माणूस बरा होतो ही श्वानप्रेमींची समजूत आहे. कुत्र्याला माया नसते, खायला घालणाऱ्या हाताशी मतलब असतो. तब्येतीला फायदा होतो म्हणतात तेही खोटं, कारण मुळात धडधाकट माणसंच कुत्रा पाळतात. कुत्रेवाले हळूहळू माणूसघाणे होतात. हे सगळं खूळ अलीकडचं, पूर्वी कुत्रा राखणीपुरता असायचा. आणि एवढं करून दहा-बारा वर्षांत तो मरतो, दिलं त्याहून जास्त दुःख देऊन जातो.

कुत्र्यांची भीती बाळगणाऱ्यांवर माझा राग नाही. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्यांकडूनच येतो, आणि लस टाळणाऱ्या मालकाची बाजू मी कधीच घेणार नाही. पण या संदेशात रेबीजचा शब्दही नाही. त्यात ते नातंच खोटं ठरवलंय, म्हणून हे उत्तर.

आधी मतलबाचं बोलू. हा मुद्दा तपासता येतो आणि तो तपासला गेलाही आहे. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांना भूल न देता, न बांधता एमआरआय यंत्रात निश्चल राहायला शिकवलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात १५ कुत्रे होते. एक खूण दाखवली की खाऊ मिळायचा, दुसरी दाखवली की मालक समोर येऊन शाबासकी द्यायचा. काहीतरी चांगलं मिळणार अशी चाहूल लागली की मेंदूचा जो भाग जागा होतो, तो दोन्ही वेळा पाहिला. नऊ कुत्र्यांचा प्रतिसाद दोन्हींना सारखाच होता. चौघांना शाबासकी जास्त मोलाची वाटली, दोघांना खाऊ. म्हणजे संदेशातलं वर्णन फार तर त्या दोघांना लागू पडतं. (त्या दोघांवरही माझा जीव आहे. कुत्र्यांतही स्वभाव असतात, एवढंच.)

लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातला २०१२ चा प्रयोग मला याहून बोलका वाटतो. तिथे १८ कुत्र्यांसमोर कधी मालकाने, कधी अनोळखी व्यक्तीने रडण्याचं नाटक केलं. मधेमधे नुसतं गुणगुणणं, नुसतं बोलणंही होतं. गुणगुणण्याकडे कुत्र्यांनी फारसं लक्ष दिलं नाही, पण बहुतेक सगळे रडणाऱ्याजवळ गेले. आणि रडणारा अनोळखी असेल, तर ते मालकाकडे न जाता त्या अनोळखी माणसाकडे गेले. त्या माणसाने त्यांना कधी घासभरही घातलेलं नव्हतं. याला सहानुभूती म्हणावं का, याबद्दल संशोधक जपून बोलतात आणि ते योग्यच आहे. पण ‘खायला घालणारा हात’ या हिशोबात ही वागणूक बसत नाही.

जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि बाळ यांच्यातल्या जवळिकीत काम करतं तेच हे संप्रेरक. माणसांनी हाताने वाढवलेल्या लांडग्यांच्या बाबतीत असं झालं नाही. त्या लांडग्यांनाही माणसांनीच खायला घातलं होतं!

आणि समजा, नात्याची सुरुवात खाण्यापासूनच होते. मग? तान्हं मूलही आईकडे दुधासाठी झेपावतं. त्याला आपण मतलबी म्हणत नाही.

तब्येतीचा मुद्दा मात्र वजनदार आहे. तो झटकून टाकणारे श्वानप्रेमी मला पटत नाहीत. १९८० साली एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी हृदयविकारातून बाहेर पडलेल्या ९२ रुग्णांची वर्षभराची नोंद प्रसिद्ध केली. पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी तीन वारले, नसलेल्या ३९ पैकी अकरा. आकडे लहान होते आणि प्राणी सगळ्या जातींचे. २०१७ मध्ये स्वीडनमधून खूप मोठी पाहणी आली: ४० ते ८० वयाची सुमारे ३४ लाख माणसं, बारा वर्षांच्या नोंदी. एकट्या राहणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे कुत्रा होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी कमी दिसला. पण यावरून कुत्र्यानेच हे केलं असं सिद्ध होत नाही. मुळात हिंडतीफिरती माणसंच कुत्रा आणत असतील, ही शंका त्या संशोधकांनी स्वतःच मांडली होती. संदेश लिहिणाऱ्याने जणू लपवलेली गोष्ट उघड केल्याचा आव आणला आहे, ती मूळ लेखातच उघड लिहिलेली आहे.

ही शंका टाळायची तर कुत्रा कुणाच्या वाट्याला येणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवं. आयुष्यभरासाठी तसं करता येत नाही, पण दहा मिनिटांसाठी येतं. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २४९ विद्यार्थ्यांचे असे गट पाडले. एका गटाने दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळलं, दुसऱ्याने ते नुसतं पाहिलं, तिसऱ्याने चित्रं पाहिली, चौथा वाट पाहत बसला. कुरवाळणाऱ्यांच्या लाळेत कॉर्टिसोल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक इतरांपेक्षा कमी आढळलं. इथे ‘धडधाकट माणसंच’ हा आक्षेप टिकत नाही. दहा मिनिटांवरून जन्माचा निष्कर्ष काढू नये, हे मला मान्य. नैराश्याबाबत तर वेगवेगळ्या पाहण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. कुत्रा आणला म्हणून कुणी गोळ्या बंद करू नयेत.

पण बरं होणं म्हणजे फक्त रक्तातले आकडे नव्हेत. बाबा गेल्यावर आमची आई घरातून बाहेर पडेनाशी झाली. आम्ही समजावलं, फिरायला चल म्हणालो, रागावलोसुद्धा. ती ‘उद्या’ म्हणायची. खंड्या बाबांचा कुत्रा. त्याला ‘उद्या’ कळत नव्हतं. पहाटे साडेपाचला तो तिच्या पलंगाशी येऊन उभा राहायचा, तोंडात पट्टा धरून. पहिले काही दिवस ती रडत रडतच त्याला घेऊन गेली. आम्ही तिला जे देत होतो ते सगळं सांत्वन होतं, आणि सांत्वन नाकारता येतं. खंड्या सांत्वन करत नव्हता, त्याला बाहेर जायचं होतं. माझी समजूत आहे ती अशी: कुत्रा आपल्यासाठी काय करतो यापेक्षा त्याचं आपल्याला काय काय करावं लागतं, यात ते बरं होणं जास्त असतं. इंग्लंडमधल्या चेशायरच्या पश्चिम भागात २०१९ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. आठवड्याला दीडशे मिनिटं हालचाल हे सर्वांना सांगितलं जाणारं प्रमाण पूर्ण करण्याची शक्यता कुत्रेवाल्यांमध्ये चौपट होती. मला त्याचं नवल वाटलं नाही.

माणूसघाणेपणाचा आरोप तर सरळ उलटा आहे. कुत्रा बरोबर असला की अनोळखी लोक जास्त वेळा थांबतात, बोलतात, हे २००० साली ब्रिटनमध्ये नोंदवलं गेलं. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाबरोबर मदतनीस कुत्रा असला तर येणारे-जाणारे नजर चुकवण्याऐवजी हसून पाहतात, हे त्याही आधी, १९८८ साली दिसलं होतं. न्यूयॉर्कमधले बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एक अबोल मुलगा वेळेआधीच येऊन बसला, तेव्हा त्यांचा कुत्रा जिंगल्स खोलीतच होता. मुलगा आधी त्याच्याशी खेळला, बोलला. मग हळूहळू लेव्हिन्सन यांच्याशी. कुत्र्याने तिथे माणसाची जागा घेतली नाही, माणसापर्यंत जायची वाट करून दिली.

आता ‘अलीकडचं खूळ’. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली एक थडगं सापडलं, सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचं. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि कुत्र्याचं एक पिल्लू. त्याच्या दातांचा पुन्हा अभ्यास झाला तेव्हा, २०१८ मध्ये, कळलं की त्याला बहुधा डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार झाला होता. आजारपण अनेक आठवडे चाललं आणि कुणी उब दिल्याशिवाय, पाणी पाजल्याशिवाय, स्वच्छ ठेवल्याशिवाय ते इतकं जगलं नसतं, असं अभ्यासकांचं मत आहे. आजारी पिल्लू ना शिकारीच्या कामाचं, ना राखणीच्या.

राहिला मरणाचा मुद्दा. तो खरा आहे, आणि ‘एका कुत्र्यासाठी काय एवढं’ म्हणणाऱ्यांनी ते दुःख जवळून पाहिलेलं नाही. खंड्या गेला तेव्हा आई बाबांच्या वेळेइतकीच रडली. हे सांगताना मला अवघडल्यासारखं होत नाही. पण दुःख झालं म्हणून आधीचं सगळं तोट्यात गेलं, हा हिशोब मला कळत नाही. तसाच हिशोब मांडायचा तर आईने बाबांशी लग्नही करायला नको होतं.

खंड्या गेल्याच्या तिसऱ्या दिवशी पहाटे दाराची घंटा वाजली. पलीकडच्या गल्लीतल्या एक काकू होत्या, हातात त्यांच्या म्हाताऱ्या कुत्रीचा पट्टा. आईची आणि त्यांची ओळख खंड्यामुळेच झालेली. कित्येक महिने त्या आईला ‘खंड्याची आई’च म्हणत, नाव नंतर विचारलं. ‘चला,’ एवढंच म्हणाल्या. आईने चपला घातल्या. आज दोन वर्षं झाली, दोघी रोज जातात.