ते छापचित्र नव्हे

लेख आवडला, पण सतराव्या शतकातला डच चित्रकार थोरला विलेम फान दे फेल्डे याच्या आरमारी चित्राला तुम्ही छापचित्र म्हटलंय, तेवढं दुरुस्त करा. ते लेखणीनं काढलेलं चित्र आहे. फळीवर किंवा कॅनव्हासवर शिशाच्या सफेत्याचा गुळगुळीत थर द्यायचा, तो वाळला की वर शाईच्या बारीक रेघा. छटा आडव्या-तिरप्या रेघांनीच आणलेली, म्हणून नजर फसते. डोलकाठीचे दोर जवळून पाहा, एकेक सुटा दिसतो. हा अंदाजपंचे मामला नव्हता. 1666 मध्ये इंग्रज आणि डच आरमारांत झालेल्या ‘चार दिवसांच्या लढाईत’ हा गडी छोट्या गलबतातून जागेवर रेखाटनं करत होता. 1674 मध्ये इंग्लंडच्या राजानं त्याला आणि त्याच्या चित्रकार मुलाला, धाकट्या विलेमला, वर्षाला शंभर-शंभर पौंड बांधून दिले: बापानं रेखाटायचं, लेकानं रंगवायचं.

चित्रातलं जहाज ओळखायचं तर झेंड्यावर भिस्त ठेवू नका, ते नंतर कुणीही रंगवू शकतं. पिछाडीचं कोरीवकाम बघा.

आणि जुन्या डच चित्रांतलं करडं आकाश दर वेळी ढगाळ हवेचंच नसतं. कधी ते स्माल्टनं रंगवलेलं असतं. स्माल्ट म्हणजे कोबाल्टच्या निळ्या काचेची पूड. तेलात तिच्यातलं पोटॅशियम झिरपून जातं आणि निळा रंग करडा पडतो.