‘ते दोघे पुरुष आहेत हे मी विसरूनच गेलो’

समलिंगी प्रेमावरचा एखादा कलात्मक चित्रपट पाहून झाला की त्यावर इतर प्रेक्षकांनी काय लिहिले आहे, ते मी आवर्जून वाचते. शिवीगाळ करणाऱ्यांना मी सोडून देते, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांनी चित्रपट पाहिलाच नसावा असे त्यांच्या लिहिण्यावरून दिसते. मला बोलायचे आहे ते ज्यांना चित्रपट मनापासून आवडला त्यांच्याविषयी. त्यांच्या लिखाणात एक वाक्य हमखास येते: ‘ते दोघे पुरुष आहेत हे मी थोड्या वेळाने विसरूनच गेलो, शेवटी प्रेम ते प्रेमच.’ हे वाक्य चांगल्या मनाने लिहिलेले असते यात मला शंका नाही. तरीही ते मला पटत नाही, कारण दिग्दर्शकाने दोन तास ज्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधले, नेमकी तीच गोष्ट विसरलो याची पावती प्रेक्षक त्याला कौतुक म्हणून देत असतो.

आंग ली यांच्या ‘ब्रोकबॅक माउंटन’चे (2005) उदाहरण घेऊ, कारण तो अनेकांनी पाहिलेला आहे. त्यातले एनिस आणि जॅक हे दोन पुरुष एकमेकांच्या प्रेमात आहेत. चार वर्षांच्या खंडानंतर जॅक एनिसला भेटायला येतो. एनिस धावत जिना उतरतो, दोघे एकमेकांना कडकडून मिठी मारतात, आणि लगेच एनिस इकडेतिकडे पाहून जॅकला भिंतीच्या आडोशाला ओढतो. चुंबन होते ते आडोशाला गेल्यावर, आणि तरीही एनिसची बायको दारातून ते पाहतेच. त्या ओझरत्या नजरेत मला सगळा चित्रपट दिसतो. कोणी म्हणेल की विवाहित पुरुष दुसऱ्या स्त्रीला चोरून भेटतानाही असेच पाहील. पाहील, पण त्याला भीती असेल ती बदनामीची. एनिसला भीती आहे ती जिवाची. तो लहान असताना, एकत्र राहणाऱ्या दोन पुरुषांपैकी एकाला ठार मारून चरात टाकले होते, आणि ते प्रेत मुलांनी पाहिलेच पाहिजे म्हणून वडील एनिसला मुद्दाम तिथे घेऊन गेले होते. पुढे अनेक वर्षे जॅक एकत्र राहण्याचा विषय काढत राहतो आणि एनिस तो टाळत राहतो, याचे कारण त्या चरात आहे. दोघे पुरुष आहेत हे विसरून ही गोष्ट पाहिली, तर एनिस केवळ एक भित्रा आणि घुमा माणूस उरतो.

दुसरी नेहमीची तक्रार असते ती संथपणाची. चित्रपट रेंगाळतो, काही घडतच नाही, अर्ध्या तासाला कात्री लावता आली असती, वगैरे. काही चित्रपटांच्या बाबतीत ती खरीही असते. खिडकीबाहेर बघत बसलेल्या माणसावर कॅमेरा रोखून धरला की आपोआप खोली येते, असे समजणारे दिग्दर्शक आहेत आणि त्यांची पाठराखण मी करणार नाही. पण चांगल्या चित्रपटात त्या संथपणात काहीतरी सतत घडत असते. समोरच्याच्या मनात तेच आहे का, की मी उगाच अर्थ काढतो आहे, आणि माझा अंदाज चुकला तर मैत्री, नोकरी, घर यांतले काय काय जाईल, हा हिशेब बोलून करता येत नाही. तो नजरेने, अर्धवट सोडलेल्या वाक्यांनी, हात पुढे करता करता मागे घेऊन करावा लागतो. या हिशेबाला लागतो तेवढा वेळ दिग्दर्शक पडद्यावर देत असेल, तर त्याला रेंगाळणे म्हणणे अन्यायाचे आहे.

शयनगृहातल्या दृश्यांबद्दलच्या तक्रारीवर मी फार लिहिणार नाही. स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेत तशीच दृश्ये निमूटपणे पाहणारा प्रेक्षक इथे ‘ही गरज होती का’ असे विचारतो, तेव्हा त्या प्रश्नाचा रोख गरजेवर नसतो, एवढेच.

‘यांच्या प्रेमकथांचा शेवट नेहमी दुःखीच का?’ या प्रश्नाला मात्र मोठा इतिहास आहे. हॉलिवूडच्या निर्मितीसंहितेची, म्हणजे पडद्यावर काय दाखवू नये हे ठरवणाऱ्या नियमावलीची, अंमलबजावणी 1934 पासून कडकपणे होऊ लागली. समलिंगी संबंधांची गणना त्या संहितेत लैंगिक विकृतीत होत असे, आणि विकृतीचा नुसता सूचक उल्लेखही तिने निषिद्ध ठरवला होता. 1961 मध्ये हा नियम सैल झाला आणि 1968 मध्ये संहितेच्या जागी प्रेक्षकांच्या वयानुसार चित्रपटांच्या वर्गवारीची पद्धत आली. दरम्यान आडवळणाने जी पात्रे पडद्यावर आली, ती पुष्कळदा खलनायक तरी असत किंवा अखेरीस मरत तरी असत. या पार्श्वभूमीवर इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘मॉरिस’चा विचार करावा. त्यांनी ही कादंबरी 1913-14 मध्ये लिहिली आणि दोन पुरुषांचे प्रेम सुखान्त व्हायलाच हवे, असा आग्रह धरला. त्या काळात इंग्लंडमध्ये हे संबंध गुन्हा होते आणि ती तरतूद 1967 पर्यंत टिकली, तेव्हा असा सुखाचा शेवट छापणे म्हणजे गुन्हेगारांना मोकळे सोडणे ठरले असते. कादंबरी बाहेर आली 1971 मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर. तिच्यावरचा जेम्स आयव्हरी यांचा चित्रपट 1987 चा. म्हणून सुखाचा शेवट भाबडा वाटतो असे कोणी लिहिले की मला राहवत नाही. या प्रेमकथांत तो शेवट मिळवायला अनेक दशके लागली आहेत.

अँड्र्यू हेग यांच्या ‘वीकेंड’मध्ये (2011) ग्लेन नावाचा तरुण आपल्या कलाप्रकल्पाबद्दल बोलताना प्रेक्षकांविषयीच भाकीत करतो. समलिंगी नसलेले लोक तो बघायला येणार नाहीत, कारण त्यांच्या जगाशी याचा काही संबंध नाही असे त्यांना वाटेल, असा त्याचा रोख आहे. चित्रपटगृहात मन लावून बसलेल्या प्रेक्षकाने त्याला अर्धे खोटे पाडलेले आहे. तो येतो, रडतो, भारावून लिहितो. पण ‘प्रेम ते प्रेमच’ म्हणत तो ती कथा स्वतःच्या जगासारखी करून घेतो, आणि तेवढ्यापुरता ग्लेन बरोबर ठरतो.

या सगळ्या मतांत मला सर्वांत मोलाची वाटतात ती स्वतः समलिंगी असलेल्या प्रेक्षकांची, कारण ते चित्रपट आयुष्याशी ताडून पाहतात. त्यांच्यातही एकमत नसते. एकाला शांतता खरी वाटते, तर दुसरा वैतागून लिहितो की आम्ही घरी पुष्कळ बोलतो, भांडतो, हसतो, मग पडद्यावर आम्ही कायम मुके का? कोणाला दोन्ही नायक देखणे आणि सडपातळ असल्याचा कंटाळा आलेला असतो, तर कोणाला दुःखाचाच. या तक्रारींपुढे माझ्या संथपणाच्या समर्थनाला मर्यादा पडतात, आणि त्या पडायलाच हव्यात. ‘मी विसरूनच गेलो’ असे मात्र त्यांच्यापैकी कोणी लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही.